रंग, जनुक आणि भाव: नवशिक्या वाचकासाठी प्रस्तावना

"सर, बनाना पायबाल्ड केवढ्याले भेटते?" नागपुरात सापांवर कुठेही बोलायला उभं राहिलं, की शेवटी हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी मुलं कॉलेजातली असतात किंवा नुकतीच कामाला लागलेली. त्यांनी मोबाइलवर अमेरिकेतल्या पैदासकारांचे व्हिडिओ पाहिलेले असतात. ओळीनं लावलेले प्लास्टिकचे खण, प्रत्येक खणात वेटोळं करून बसलेला बॉल पायथॉन, कुणी पिवळाजर्द, कुणी पांढराशुभ्र, कुणी अर्धा नक्षीदार आणि अर्धा कोरा. आणि प्रत्येकाच्या शेजारी डॉलरमधला आकडा. एक पिल्लू पन्नास डॉलरला, त्याच्याच सोबत अंड्यातून निघालेला भाऊ पाचशेला. आणि कधीकधी हे दोघे भाऊ दिसायला तंतोतंत सारखे असतात!

मुलांना चक्रावून टाकतं ते हेच, आणि ही पुस्तिका त्याच कोड्यासाठी लिहिली आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन सापांच्या भावात दहापट फरक का पडतो, हे ज्याला नीट कळलं त्याला आनुवंशशास्त्राचा गाभा कळला असं मी मानतो. बारावीच्या जीवशास्त्रात मेंडेलचे वाटाणे पाठ करून पार पडलेली मुलं या सापांपाशी आली की स्वतःहून वही-पेन्सिल काढतात. शिकवणाऱ्याला याहून चांगली संधी मिळत नाही. म्हणून "साप पाळणं वाईट" एवढं बजावून त्यांना परत पाठवणं मला पटत नाही. प्रश्न खरा आहे, त्याला खरं उत्तर द्यायला हवं. त्या उत्तरात कायद्याचा भागही येतो आणि आपल्या मांडुळाचाही येतो. तो पुढे येईलच.

आधी या सापाची ओळख. बॉल पायथॉन हा अजगरांच्या कुळातला, पण आपल्या मेळघाटातल्या किंवा भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातल्या अजगरापुढे अगदी लहान: तीन ते पाच फूट, मादी नरापेक्षा मोठी. मूळ गाव पश्चिम आणि मध्य आफ्रिका. घाबरला की डोकं मधोमध दडवून घट्ट चेंडू होतो, म्हणून अमेरिकेत त्याला 'बॉल' म्हणतात. युरोपात तोच 'रॉयल पायथॉन'. बिनविषारी, स्वभावानं भिडस्त, उंदीर-घुशींवर जगणारा. मादी एका वेळी साधारण चार ते सहा अंडी घालते, कधी कमी, कधी दहापर्यंत, आणि पिल्लं दोनेक महिन्यांत बाहेर येतात. आयुष्य मात्र दांडगं. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात 2020 साली साठी ओलांडलेल्या मादीनं अंडी घातली होती, तीही कित्येक वर्षं नराचा सहवास नसताना. हौस म्हणून साप आणणाऱ्यानं हा आकडा आधी वाचावा. कॉलेजात आणलेला साप तुमच्या मुलांच्या लग्नाला हजर असू शकतो.

याच पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात व्हिदा नावाचं गाव आहे. तिथे या सापांचं देऊळ आहे, आत ते मोकळे फिरतात, आणि भक्त त्यांना गळ्यात घेतात. गावात साप घरात शिरला तर त्याला कुणी मारत नाही. आपल्या बत्तीस शिराळ्याची आठवण व्हावी असंच हे आहे. पण त्याच बेनिनमधून आणि शेजारच्या टोगो व घानामधून हेच साप लाखोंनी परदेशी विकलेही गेले. शेतातल्या बिळांतून गाभण माद्या आणि अंडी गोळा करायची, पिल्लं काढायची आणि विमानानं पाठवायची, असा तो धंदा. या लाखो पिल्लांत क्वचित एखादं वेगळ्या रंगाचं निघे. पुढच्या सगळ्या रंगांचा आणि सगळ्या पैशांचा उगम अशा एकट्यादुकट्या पिल्लांत आहे.

आता रंगाकडे. सापाच्या कातडीत रंगाच्या पेशी मुख्यतः तीन तऱ्हेच्या असतात. काळा-तपकिरी रंग देणाऱ्या, म्हणजे मेलॅनिन बनवणाऱ्या. पिवळा-तांबडा रंग साठवणाऱ्या. आणि तिसऱ्या, ज्यांत रंगच नसतो पण बारीक स्फटिक असतात आणि ते उजेड परतवून चकाकी आणतात. तुम्ही जो रंग पाहता तो या तिन्ही थरांची बेरीज असतो. म्हणून मेलॅनिन बनणं बंद पडलं तर माणूस किंवा ससा पांढरा होतो, पण बॉल पायथॉन पांढरा होत नाही. त्याचा काळा गेला तरी पिवळा शिल्लक राहतो. अल्बिनो बॉल पायथॉन पिवळ्या-पांढऱ्या नक्षीचा आणि लाल डोळ्यांचा दिसतो तो त्यामुळे. उलट पिवळा गेला आणि काळा राहिला तर राखाडी साप मिळतो, त्याला 'अ‍ॅक्झॅन्थिक' म्हणतात. तिन्ही पेशी कातडीत पोचल्याच नाहीत तर साप खरोखर पांढरा होतो, डोळे मात्र निळे किंवा काळे राहतात. 'पांढरा नाग सापडला' अशी बातमी आपल्याकडे अधूनमधून छापून येते आणि तिथे लगेच हार-नारळ पोचतात. फोटोत सगळ्यात आधी डोळे पाहावेत. लाल असतील तर गोष्ट वेगळी, काळे असतील तर वेगळी. रंगाच्या कारखान्यातला एक टप्पा बंद पडलाय की कामगारच आलेले नाहीत, हे डोळे सांगतात.

यापुढचा भाग समजायला आफ्रिकेपर्यंत जायची गरज नाही. जबलपूरच्या वाटेनं रीव्यापर्यंत गेलं तरी पुरे. 1951 साली रीव्याच्या जंगलात महाराजा मार्तंड सिंहांनी एक पांढरा बछडा पकडला. त्याचं नाव मोहन. गोविंदगढच्या महालात तो वाढला. त्याला साध्या रंगाची बेगम ही वाघीण दिली, तर पिल्लं झाली ती सगळी पिवळी. एकही पांढरं नाही. रंग गेला कुठे? मग मोहनची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली. ती दिसायला साधी पिवळी. 1958 साली तिला चार बछडे झाले आणि चारही पांढरे निघाले. म्हणजे रंग कुठेही गेला नव्हता. राधाच्या अंगात तो दडून होता. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. राधाकडे एक प्रत पांढऱ्याची होती, एक पिवळ्याची, आणि पिवळी एकटीच रंग भागवायला पुरेशी होती. दोन्ही प्रती पांढऱ्याच्या आल्या तरच अंग पांढरं. अशा जनुकाला पाठ्यपुस्तकात अप्रभावी म्हणतात. चारही पांढरी निघणं हा नशिबाचा भाग होता. हिशोबानं निम्मी निघायला हवीत. त्या चारांतली मोहिनी 1960 साली वॉशिंग्टनला गेली, दहा हजार डॉलरला.

सापवाल्यांच्या बोलीत सांगायचं तर मोहन 'व्हिज्युअल' होता आणि राधा 'हेट'. हा हेट शब्द नवशिक्यानं पहिल्या दिवशी शिकावा, कारण अर्धा बाजार त्याच्यावर चालतो. 'हेट अल्बिनो' म्हणजे दिसायला साधा, पण अल्बिनोची एक प्रत अंगात बाळगणारा. पहिला अल्बिनो बॉल पायथॉन अमेरिकेतल्या बॉब क्लार्क या पैदासकारानं असाच सिद्ध केला. जंगलातून आलेला अल्बिनो साध्या माद्यांशी लावला, साधी दिसणारी पिल्लं वाढवली आणि 1992 साली पुढच्या पिढीत अल्बिनो परत आला. 1997 साली पायबाल्ड, म्हणजे अर्धा नक्षीदार आणि अर्धा कोरा साप, तसाच सिद्ध झाला. सिद्ध होणं हा शब्द या धंद्यात फार वजनाचा आहे. वेगळ्या रंगाचं पिल्लू मिळालं म्हणून भाव येत नाही. तो रंग उन्हानं, आजारानं किंवा उबवणीच्या चुकीनं आलेला असू शकतो. पुढच्या पिढीत ठरलेल्या प्रमाणात तो परत आला, की मगच पैसे बाहेर पडतात.

आता कागद घ्या. हेट नर आणि हेट मादी. नराच्या दोन प्रती वर आणि मादीच्या दोन बाजूला लिहून चौकोन आखा. त्याच्या चार घरांत एक घर व्हिज्युअलचं, दोन हेटची आणि एक निव्वळ साध्याचं. व्हिज्युअल पिल्लू अंड्यातून डोकं काढतं तेव्हाच ओळखू येतं, त्याला बाजूला काढा. उरली तीन घरं, तिन्ही दिसायला एकसारखी. त्यांतली दोन हेट. म्हणून अशा साध्या दिसणाऱ्या प्रत्येक पिल्लाला '66 टक्के हेट' अशी चिठ्ठी लागते. बापाकडून किंवा आईकडून एकाकडूनच हेट असेल तर '50 टक्के हेट'. आता सुरुवातीचे ते दोन भाऊ आठवा. एकाचा बाप साधा होता म्हणून पन्नास डॉलर असं नव्हे, दोघांचा बाप तोच आहे. पण एकाच विणीतल्या एका पिल्लाची तपासणी झालेली आहे आणि ते नक्की हेट आहे, दुसऱ्याच्या अंगात काही नाही हेही नक्की आहे. रंग दोघांचा तोच. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते खात्रीचे.

विदर्भातल्या कापूसवाल्याला हे मी दोन मिनिटांत समजावू शकतो. संकरित बियाण्याची पिशवी घेताना तो सरकीचा रंग पाहून पैसे देत नाही. आत काय बांधलंय त्याचे देतो. आणि त्याच पिकातली सरकी पुढल्या वर्षी पेरली तर शेत एकसारखं येत नाही, झाडं वेगवेगळी निघतात, हेही त्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. दोन हेट सापांच्या अंड्यांत नेमकं हेच फुटून निघणं दिसतं.

या हिशोबात नवशिक्या नेहमी फसतो ती जागा वेगळी आहे. चारात एक म्हणजे चार अंड्यांत एक मिळणारच, असं त्याला वाटतं. तसं नसतं. प्रत्येक अंडं आपापलं नशीब घेऊन येतं. हेट जोडीची सहा अंडी असली तरी एकही व्हिज्युअल न निघण्याची शक्यता जवळजवळ 18 टक्के आहे. आणि दोन वेगवेगळ्या अप्रभावी रंगांचं एकत्र पिल्लू हवं असेल, म्हणजे दोन्ही बाजूंनी 'डबल हेट' लावले, तर ते सोळात एक. सहा अंड्यांत ते न मिळण्याची शक्यता 68 टक्के! मादी अंड्यावर यायला सुमारे तीन वर्षं लागतात, एखादं वर्ष ती अंडी घालतच नाही, आणि तोवर तिला खाऊ घालायचं असतं. व्हिडिओतलं पाच आकडी पिल्लू दिसतं तेव्हा त्याच्यामागे अशा न जुळलेल्या किती विणी आहेत ते दिसत नाही. भावात त्या वर्षांचीही किंमत असते.

सगळे रंग अप्रभावी नसतात. पेस्टल, मोहावे, लेसर हे रंग एका प्रतीतही दिसतात. दोन प्रती आल्या की आणखी वेगळं, ठळक रूप येतं, त्याला 'सुपर' म्हणतात. दोन मोहावेंपासून निघालेला सुपर निळ्या डोळ्यांचा पांढरा साप असतो. मोहावे आणि लेसर एकत्र आले तरी पांढराच निघतो, कारण दोन्ही एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं आहेत. ही नावं कुठल्या नियमानं पडतात असं विचाराल तर नियम नाही. ज्यानं पहिल्यांदा सिद्ध केलं त्यानं ठेवलं. काही वेळा दोन माणसांनी एकाच जनुकाला दोन नावं दिली आणि दोन्ही चालू राहिली. कोष्टकं पुस्तिकेत आहेत, इथे त्यांत वेळ घालवत नाही.

बनानाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तिथे बाजारानं शास्त्राला वाट दाखवली. बनाना हा पिवळा-जांभळट, पुढे ठिपके धरणारा साप. बाजारात आला तेव्हा त्याचा भाव पाच आकडी डॉलरमध्ये होता, त्यामुळे लोकांनी प्रत्येक पिल्लाची नोंद काटेकोर ठेवली. त्या नोंदींत विचित्र काही दिसू लागलं. काही बनाना नरांची बनाना पिल्लं जवळजवळ सगळी नरच निघत, तर काहींची जवळजवळ सगळी माद्या. लोक त्यांना 'मेल मेकर' आणि 'फीमेल मेकर' म्हणू लागले. ज्या नराला बनाना बापाकडून मिळाला तो मेल मेकर, ज्याला आईकडून मिळाला तो फीमेल मेकर. याचा सरळ अर्थ असा की हे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर आहे आणि नराकडे दोन वेगळी गुणसूत्रं आहेत, माणसासारखी. पण तेव्हा सगळी पुस्तकं सांगत होती की सापांत पक्ष्यांसारखं असतं, दोन वेगळी गुणसूत्रं मादीकडे असतात. 2017 साली संशोधकांनी बोआ आणि ब्रह्मी अजगर यांचा डीएनए तपासला आणि त्यांच्यात एक्स-वाय पद्धत आहे हे सिद्ध केलं. हौशी लोकांच्या वह्या बरोबर होत्या. नोंद ठेवण्याची सवय लावा, असं मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो ते यासाठी.

अल्बिनोमागचं जनुक कुठलं याचा शोधही असाच लागला. अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांनी देशभरातल्या सापमालकांकडून टाकलेल्या काती मागवल्या. सापाला सुई नाही, जखम नाही; टपालानं आलेल्या पाकिटातली वाळलेली कात, तिच्यातून डीएनए. 2022 साली त्यांचं काम छापून आलं. अल्बिनोत बिघडलेलं जनुक मेलॅनिन बनवण्याच्या पहिल्या पायरीवरचं, म्हणजे माणसातल्या एका तऱ्हेच्या अल्बिनोपणात बिघडतं तेच. 'लॅव्हेंडर अल्बिनो'मध्ये दुसरं, 'अल्ट्रामेल'मध्ये तिसरं. म्हणून अल्बिनो आणि लॅव्हेंडर अल्बिनो एकत्र लावले तर पिल्लं साधी निघतात, कारण प्रत्येकाचं चांगलं जनुक दुसऱ्याची उणीव भरून काढतं. हे पैसे घालून बसलेल्या माणसालाच आधी कळलेलं असतं! कात हातात घेऊन पाहण्यासारखी असते. धामणीची कात उजेडासमोर धरली तर पाठीची पुसट नक्षी तिच्यातही उमटलेली दिसते, कारण मेलॅनिनचे कण वरच्या थरातही असतात. अल्बिनोची कात कोरी. आता अमेरिकेत कातीवरून हेट आहे की नाही हे सांगणाऱ्या प्रयोगशाळा झाल्या आहेत, त्यामुळे '66 टक्के'च्या चिठ्ठ्यांचे दिवस हळूहळू सरतील.

एका रंगाबद्दल मला ठाम बोलायचं आहे. स्पायडर. 1999 साली सिद्ध झालेला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघांचा, देखणा आणि तुफान खपलेला. पण या जनुकाच्या सापाचं डोकं डुलतं. भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो, वर पाहताना मान उलटी वळते, काही साप उलथे पडून राहतात. पैदासकार वर्षानुवर्षं "थोडंसं वॉबल आहे, चालतं" म्हणत राहिले. 2022 साली जर्मन संशोधकांनी सूक्ष्म सीटी स्कॅननं दाखवलं की या सापांचा आतला कान, तोल सांभाळणारा भाग, जन्मतःच बिघडलेल्या आकाराचा असतो. रंगाचं जनुक आणि तोलाचा बिघाड एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. ब्रिटनमधल्या एका मोठ्या सापप्रेमी संस्थेनं आपल्या मेळ्यांत स्पायडर विकायला बंदी केली ते योग्यच झालं. पांढऱ्या वाघांचे डोळे तिरळे होतात, तेही रंगाच्या पाठोपाठ आलेलं दुखणं आहे, वर त्यात नात्यातल्या जोड्यांची भर. पुस्तिकेत ज्या रंगांना असा त्रास आहे त्यांच्यापुढे मी स्पष्ट तसं लिहिलं आहे आणि त्यांची पैदास करू नये असं माझं मत आहे.

भावाचा उतार कसा असतो तेही समजून घ्या. नवा रंग सिद्ध होतो तेव्हा जगात त्याचे दोन-चार साप असतात, म्हणून भाव आकाशाला भिडतो. विकत घेणारा पिल्लं काढायलाच घेतो. तीन-चार वर्षांत ती पिल्लं अंड्यावर येतात आणि दर पिढीला रंगाची संख्या काही पटींनी वाढते. नव्वदच्या दशकात हजारो डॉलरला गेलेला अल्बिनो आज काही शे डॉलरमध्ये मिळतो; पेस्टल तर त्याहूनही स्वस्त. "गुंतवणूक म्हणून घेतो" म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो: तू जे विकत घेतोयस ते स्वतःची प्रत काढणारं आहे, मग त्याचा भाव टिकेल कसा? आज ज्यांना खरा पैसा मिळतो ते तीन-चार अप्रभावी रंग एकत्र आणणारे, दहा-पंधरा वर्षं या कामात काढलेले लोक आहेत.

आता मांडूळ. बॉल पायथॉनचा भाव कितीही चढा वाटला तरी त्याच्यामागे मोजता येणारं काहीतरी आहे. मांडुळाच्या भावामागे काहीच नाही, आणि तरीही त्याचे आकडे लाखांत आणि कोटींत बोलले जातात. मांडूळ हा बोआच्या कुळातला, भुसभुशीत मातीत राहणारा, उंदीर खाणारा, थेट पिल्लं घालणारा निरुपद्रवी साप. नांगरताना ढेकळाखालून निघतो. जवळून पाहिला तर शेपटी तोंडाइतकीच बोथट असते, अंगावरचे खवले बारीक आणि दाटीवाटीनं बसलेले, डोळा टाचणीच्या डोक्याएवढा. संकट आलं की तो डोकं मातीत खुपसून शेपटी वर धरतो, शत्रूनं तिला चावावं म्हणून. या एका युक्तीनं त्याला 'दुतोंड्या' करून ठेवलं आणि दुतोंड्या म्हणून त्याच्या डोक्यावर गुप्तधन, पैशांचा पाऊस आणि असाध्य रोगांची औषधं लादली. विदर्भात, मराठवाड्यात, सगळीकडेच मांडूळ विकताना पकडल्याच्या बातम्या येत राहतात. भाव वजनावर ठरतो म्हणून दलाल त्याचं वजन वाढवायला त्याचे हाल करतात. शेवटचं गिऱ्हाईक कधी कुणाला भेटत नाही. मधले सगळे एकमेकांकडून घेतात आणि शेवटचा माणूस पोलिसांना सापडतो, किंवा पैसे घालवून बसतो. साप मरतो ते कुणी मोजत नाही. मुलांना मी हे दोन भाव शेजारी शेजारी मांडून दाखवतो. एकात तुम्ही विचारू शकता: कुठलं जनुक, किती प्रती, कुणी सिद्ध केलं, कागद कुठे? दुसऱ्यात यातला एकही प्रश्न विचारायची सोय नाही.

कायदा थोडक्यात, पण ठळक. भारतातले साप, मग तो अजगर असो, मांडूळ असो की धामण, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली येतात. ते पाळता, विकता, विकत घेता येत नाहीत. सर्पमित्र साप पकडतो तो सोडण्यासाठी. बॉल पायथॉन आपल्याकडचा नाही, म्हणून बरीच वर्षं लोक त्याला मोकळं रान समजत. पण तो वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, अशा परदेशी प्राण्यांचाही आपल्या कायद्यात चौथ्या अनुसूचीत समावेश झाला. फेब्रुवारी 2024 च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्यानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करायची असते. जन्म, मृत्यू, हस्तांतर सगळं कळवायचं असतं. परदेशातून आणायचा तर आयातीचा परवाना आणि साइट्सचे कागद. डिसेंबर 2023 मध्ये बँकॉकहून मुंबईला आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत दडवलेले बॉल पायथॉन महसूल गुप्तचर संचालनालयानं पकडले. कागदाशिवाय स्वस्तात मिळणारं पिल्लू बहुतेक अशाच एखाद्या पुड्यातून आलेलं असतं, आणि प्रवासात सोबतची किती मेली हे विकणारा सांगत नाही. ज्याच्याकडे नोंदीचा कागद नाही त्याच्याकडून साप घेऊ नका, यावर माझ्याकडे दुसरा पर्याय नाही. नागपूरकरांना शंका असेल तर राज्याच्या वन विभागाचं मुख्यालय याच शहरात आहे, आणि जखमी साप सापडला तर सेमिनरी हिल्सवर ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. विचारायला लांब जावं लागत नाही.

या पुस्तिकेत भावांचं कोष्टक नाही. ते मुद्दाम वगळलं आहे, कारण छापून हातात पडेपर्यंत ते शिळं झालेलं असतं. त्याऐवजी प्रत्येक रंगापुढे जनुक अप्रभावी आहे की नाही, दोन प्रतींत काय दिसतं, तब्येतीचा त्रास आहे का आणि कधी सिद्ध झाला हे दिलं आहे. एवढ्या माहितीवर भाव कुठल्या दिशेला जाईल हे तुमचं तुम्हाला काढता येईल. तिसऱ्या प्रकरणातली गणितं उत्तर न पाहता सोडवा. डबल हेटचं सोळा घरांचं कोष्टक एकदा तरी हातानं भरा. मोबाइलवर ते एका टिचकीत भरून मिळतं, पण तसं ते डोक्यात राहत नाही.

शेवटचं प्रकरण आपल्या सापांचं आहे आणि माझा जीव खरं तर तिथे आहे. विदर्भात मांडूळ कुठे तांबूस निघतो, कुठे जवळजवळ काळपट. त्याच्या पिल्लांच्या शेपटीकडे काळे पट्टे असतात, मोठेपणी ते विरतात. धामण कुठे पिवळसर, कुठे राखी, कुठे गडद तपकिरी. यात वयाचा वाटा किती, मातीचा किती, आईबापांचा किती? यासाठी साप घरी ठेवायची गरज नाही, कात उचलण्याचीही नाही; तीही परवानगीशिवाय बाळगता येत नाही. नागपुरातले आणि तालुक्यांतले सर्पमित्र पावसाळ्यात रोज साप पकडून सोडतात. सोडण्याआधी वरून एक, बाजूनं एक आणि डोळ्याचा एक असे तीन फोटो, गावाचं नाव, तारीख, लांबी, नर की मादी हे ओळखता आलं तर तेही, एवढं एका वहीत लिहिलं जावं. वहीचा नमुना शेवटच्या पानावर छापला आहे. त्याच्या झेरॉक्स काढून वाटायला कुणाची परवानगी लागत नाही.